टिपणीस सर आणि शाळेपुढचा रस्ता

टिपणीस सर वर्गात वेळेवर कधीच आले नाहीत. ते दहा मिनिटं आधी यायचे आणि विद्यार्थ्यासारखे दुसऱ्या बाकावर बसून राहायचे. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी भांबावलेली होते. पांढरा शर्ट घातलेले, पिकल्या केसांचे एक गृहस्थ बाकावर दिसले. कुणाला तरी सोडायला आलेले पालक असतील, असं वाटून मी विचारलं, "काका, राज्यशास्त्राचा वर्ग हाच ना?"

"हाच," ते म्हणाले. "पण शिकवणारा कसा आहे, ते काही मला तुम्हाला सांगता यायचं नाही. बसा."

घंटा झाली, ते उठले, फळ्याकडे गेले आणि मी कपाळावर हात मारला.

"तुम्हाला" हा शब्दही मला नवा होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मला कुणी मोठ्या माणसानं अहोजाहो केल्याचं आठवत नाही. सर सगळ्यांनाच तसं बोलायचे, शिपायालाही. आडनावानं हाक मारायचे. "म्हात्रे, तुम्ही सांगा," असं ते मला म्हणाले की उत्तर येत नसलं तरी पाठ ताठ व्हायची.

आज सरांबद्दल लिहायला बसले आहे ते एका रस्त्यामुळे. आमचं गाव भिवंडीजवळ, पूर्णा गावाच्या पलीकडे आहे. पूर्वी शेतं होती, आता दोन्ही बाजूंना गोडाऊनं आहेत. जिल्हा परिषदेची शाळा मात्र जुन्या जागीच राहिली आणि तिच्या दारासमोरून कंटेनर धावायला लागले. गेल्या वर्षी वळणावर एका कंटेनरच्या मागच्या चाकाखाली चौथीतल्या मुलीची सायकल गेली. मुलगी उडी मारून बाजूला झाली, म्हणून वाचली. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गाड्या थांबवायच्या, एवढंच ठरवायचं होतं. तेवढं ठरवायला आमच्या पंचायतीला जवळपास वर्ष लागलं. ते सरांमुळे ठरलं असं मी म्हटलं तर सर रागावतील. म्हणून ते कसं ठरलं, तेच सांगते.

सरांचे आजोबा भिवंडीत कोर्टात कारकून होते आणि वडील शाळामास्तर. सर मंडईजवळ दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि कॉलेजला पायी यायचे. आमच्या वर्गाच्या खिडकीखालीच लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं शेड होतं. दिवसभर खटखटाट. सर त्या आवाजावर आवाज चढवून शिकवायचे, पण नेमकं महत्त्वाचं राखून ठेवायचे. वीज गेली की खाली लूम बंद पडायचे, वर पंखा बंद पडायचा आणि एकदम शांतता व्हायची. मग सर घाम पुसत म्हणायचे, "आता लिहून घ्या. लाइट येईपर्यंत वेळ आहे." माझ्या वहीत ज्या पानांवर घामाचे डाग आहेत, ती पानं परीक्षेला हमखास यायची.

त्यांच्यासमोर "सरकारने ठरवलं" असं म्हणायची सोय नव्हती. लगेच खडू हातात थांबायचा. "सरकार म्हणजे कोण? मंत्री? सचिव? सभागृह? कुणी मांडलं, कुणी अडवलं, कुणाची सही झाली?" एकदा एका मुलानं वैतागून म्हटलं, "सर, वरून आलं." सरांनी छताकडे बघितलं. "वर गच्ची आहे," ते म्हणाले, "आणि तिथं टाकी आहे. धोरण तिथून येत नाही."

दुसऱ्या वर्षाला संसदीय आणि अध्यक्षीय पद्धती हा भाग होता. पुस्तकात दोन्हींचे गुणदोष आकडे टाकून दिले होते. सरांनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. पहिलीत लोकांकडून एक रेघ सभागृहाकडे गेली आणि सभागृहाकडून सरकारकडे. दुसरीत लोकांकडूनच दोन रेघा निघाल्या, एक सभागृहाकडे, दुसरी थेट अध्यक्षाकडे. "बाकी सगळं यातून निघतं," ते म्हणाले. "आता वाचून कंटाळू नका, करून बघा."

आणि त्यांनी वर्गाचं सरकार काढलं. प्रश्न खरा होता. पहिला तास सात वीसला असायचा. लूमवर रात्रपाळी करून येणारी मुलं डुलक्या घ्यायची, त्यांना तो तास साडेआठला हवा होता. आम्हा गावाकडच्या मुलींना लवकरचाच हवा होता, कारण उशीर झाला की परतीची रिक्षा मिळायची नाही. पहिल्या सत्रात संसदीय पद्धत. आम्ही सात प्रतिनिधी निवडले आणि त्या सातांनी इरफानला प्रधान केलं. इरफान चाचाच्या लूमवर ड्युटी करायचा आणि बोलायला पटाईत होता. त्यानं दहा मिनिटांत निकाल लावला, तास साडेआठला. सर म्हणाले, "झालं? बघा, किती पटकन झालं. सभागृह त्याचंच आहे ना!"

चौथ्या दिवशी दोन प्रतिनिधी फुटले आणि इरफानचं सरकार पडलं. नव्या प्रधानानं तास परत सात वीसला आणला. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा तेच. शेवटी कुणी कधी यायचं हेच कुणाला कळेना. एकदा तर सरच एकटे दुसऱ्या बाकावर बसलेले सापडले. इरफान म्हणाला, "सर, कुर्सी पे बैठा तो पीछेच देखता रहा मैं. सामने का काम कब करता?"

"पाठिंबा काढता येतो म्हणूनच तुम्ही मागे बघत होता," सर म्हणाले. "आणि मागे बघत होता म्हणून तुम्ही रोज आम्हाला उत्तर देत होता. त्यात वाईट काय?"

दुसऱ्या सत्रात अध्यक्षीय पद्धत. सगळ्या वर्गानं चिठ्ठ्या टाकल्या आणि अध्यक्ष म्हणून मी निवडून आले. मुली एकजुटीनं माझ्यामागे होत्या. सत्र संपेपर्यंत मला कुणी हलवू शकत नव्हतं. पण सात प्रतिनिधींमध्ये चार लूमवाले होते आणि त्यांच्या होकाराशिवाय माझा एकही निर्णय पुढे जात नव्हता. मी रोज फळ्याजवळ उभी राहून ठणकावून सांगायची, ते रोज नकाराच्या माना हलवायचे. तीन आठवडे काहीच ठरलं नाही. मग कंटाळून एक दिवस मी डबा घेऊन त्यांच्या बाकावर जाऊन बसले. त्यातून असं निघालं की मंगळवारी आणि शुक्रवारी तास उशिरा, बाकी दिवशी लवकर, आणि जो झोपेल त्याला आम्ही वही द्यायची. दिसायला ते गबाळं होतं. पण वर्ष संपेपर्यंत टिकलं.

सरांना ते टिकलं याचं कौतुक वाटलं, पण मत बदललं नाही. ते संसदीय पद्धतीचे कट्टर होते. "अध्यक्षीय पद्धतीत दोघंही म्हणतात, मला लोकांनी निवडलंय. दोघंही खरं बोलतात. मग निवाडा कुणी करायचा? अमेरिकेत खर्चाचं विधेयक अडलं की कार्यालयांना टाळं लागतं. आपल्याकडे विधेयक पडलं की सरकार पडतं, टाळं लागत नाही." हे बोलताना ते इतके ठाम असायचे की परीक्षेत आम्ही सगळे संसदीय पद्धतीच्या बाजूनं लिहायचो. एका मुलीनं उलट बाजू मांडली, तर तिला सगळ्यात जास्त गुण दिले. आणि उत्तरपत्रिकेवर लिहिलं, "पटलं नाही. छान."

मी पदवीधर झाले आणि काल्हेरला एका गोडाऊनच्या ऑफिसात लागले. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नोंदी करते. सर निवृत्त झाले. अधूनमधून मी त्यांच्याकडे जायची.

त्या सुमाराला आमची मंदाकाकी सरपंच झाली. सरपंच गावानं थेट निवडायचा हा नियम आला होता, गेला होता आणि परत आला होता. काकी चांगल्या मतांनी आली. पण नऊ सदस्यांपैकी तिच्या पॅनलचे तीनच आले, सहा समोरच्या पॅनलचे. त्या सहांचा म्होरक्या बाळाराम. त्याची स्वतःची तीन गोडाऊनं भाड्यानं दिलेली.

सायकलीच्या प्रसंगानंतर काकीनं एक चूक केली. मासिक सभा नाही, ठराव नाही, तिनं सरळ फलक रंगवून घेतला, "शाळेच्या वेळेत अवजड वाहनांस बंदी, हुकमावरून, सरपंच" आणि खाली ठसठशीत स्वतःचं नाव. सकाळी तो रस्त्यावर रोवला आणि स्वतः पदर खोचून उभी राहिली. पाऊण तासात गाड्यांची रांग हायवेला भिडली. ग्रामसेवक धावत आला. म्हणाला, ठराव नसताना असा हुकूम काढता येत नाही. दुपारी बाळारामच्या माणसांनी फलक उपटला. त्यानंतर त्या सहा जणांनी एकच धोरण धरलं, काकी जे मांडेल ते पाडायचं. रस्त्यावरच्या दिव्यांचा ठरावसुद्धा पाडला. काकीला त्यांना काढता येत नव्हतं आणि त्या सहांना सहजासहजी काकीला काढता येत नव्हतं. आणि पोरं रोज कंटेनरच्या मधून पळत शाळेत जात होती.

एका रविवारी मी काकीला घेऊन सरांकडे गेले. मला वाटलं होतं, सरांना एखादं कलम ठाऊक असेल, ज्यानं सदस्यांना बाजूला सारता येईल. सरांनी सगळं ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. "बघा! मी वीस वर्षं हेच सांगत आलो!" मग अर्धा तास ते बोलत राहिले. दोन रेघा, दोन कौल, मधे कोंडी. सरपंच सदस्यांमधूनच निवडला असता तर ही वेळ आली नसती. थेट निवडीचा नियमच मुळात चुकीचा. काकी बिचारी चहाची बशी हातात धरून ऐकत होती.

मला राहवलं नाही. सरांना मी आयुष्यात पहिल्यांदा मधेच तोडलं. "सर, नियम चुकीचा असेल. पण पोरं याच नियमात रस्ता ओलांडतायत."

मला वाटलं, आपण फार बोललो. तेवढ्यात सर उठले आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवायला लागले. "सरपंचबाई, त्या सहा जणांची घरं कुठं कुठं आहेत?"

काकी दचकली. "कशाला?"

"जायचं आहे. एकेकाकडे."

"मी न्हाय जायाची," काकी म्हणाली. "मना सगल्या गावानं निवडून दिलंय. त्यांना निसता त्यांच्या वॉर्डानं. मी त्यांच्या दारात कशाला जाऊ?"

"तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे," सर म्हणाले. "आणि ते खरं आहे म्हणूनच जायला हवं. संसदीय पद्धतीत बोलणी एकदाच होतात, खुर्चीवर बसण्याआधी. तुमच्या पद्धतीत प्रत्येक कामाला नव्यानं बोलणी. तुम्हाला कुणी खुर्चीवरून उठवू शकत नाही ना? मग तुमचं दारात जाण्यानं काय कमी होणार आहे?"

काकीनं माझ्याकडे बघितलं. "ह्यो तुमचा मास्तर लई चिवट हाय," ती म्हणाली आणि उठली.

पुढचे तीन रविवार सर रिक्षानं गावात येत राहिले. आम्ही तिघं घरोघर फिरलो. मला वाटत होतं, सर समजावून सांगतील. पण कुठल्याच घरात त्यांनी काही समजावलं नाही. ते विचारायचे. बाळारामच्या ओटीवर तर काकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. सगळं बोलणं सरांनीच केलं.

"गाड्या निघतात कधी?"

"सकालच्याच. साडेसहा ते आठ," बाळाराम म्हणाला. "सर, तुमी शिकलेली मानसं. तुमी सांगा, गाडी इथं तासभर थांबली का फुडं ठान्याला नो एंट्री लागते. मग दिवसभर उभी. भाडेकरू मना सोडून जाईल. ती बोलते पोरं, पोरं. माझी नातवंडं काय दुसऱ्या शाळेत जातात?"

"तासभर नाही थांबली तर? पंचवीस मिनिटं?"

बाळारामनं बोटांवर काहीतरी मोजलं. "आनि उभी कुठं राहनार? रस्त्यात?"

ते मला ठाऊक होतं. रोज नोंदी करताना ड्रायव्हर सांगतात. गावाबाहेर वजनकाट्यापाशी आठ-दहा गाड्यांना जागा असते. मी तसं म्हटलं. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पदवी तेव्हा मिळाल्यासारखं वाटलं.

असं करत करत काकीच्या फलकावरचं एकेक काही गळत गेलं आणि दुसरं काही जडत गेलं. सकाळी पंचवीस मिनिटं, संध्याकाळी तीस. गाड्या काट्यापाशी उभ्या राहणार. एका सदस्यानं अट घातली, त्याच्या पाड्याकडच्या ओढ्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, आधी बांधायला घ्यायची. काकीनं ती कबूल केली. दोघं म्हणाले, दिव्यांचं काम आता आमच्या वॉर्डापासून. तेही कबूल. बाळारामची अट सगळ्यात शेवटी आली. "फलकावर एकलं तिचं नाव नको. सगल्यांची नावं पायजेत."

काकी ताडकन उठली. "रांग लागली तवा शिव्या खायाला मी एकली! आनि नाव सगल्यांचं?"

सरांनी तिला अंगणात नेलं. मी दारातच होते. ते हळू आवाजात म्हणाले, "सरपंचबाई, उद्या तुमची मुदत संपेल. नवा सरपंच येईल, तो एकट्या तुमचं नाव पुसून टाकेल. दहा नावं पुसायला त्याला अवघड जाईल." काकीनं नळाखाली पाय धुतले, आत आली आणि बाळारामला म्हणाली, "लिव तुझं नाव. सरल लिव."

सभेच्या दिवशी सर पंचायतीच्या बाहेर पायरीवर बसले. सदस्यांच्या सभेत आपलं काम नाही, म्हणाले. मी खिडकीपाशी उभी होते. ठराव मांडला गेला. ठरल्याप्रमाणे समोरच्या पॅनलचे तिघं हात वर करणार होते; बाळारामनं हाताचा शब्द दिला नव्हता. दोघांनी केले. तिसरा, ज्याला मोरी कबूल केली होती तोच, पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. काकीचा हात वर होता आणि तिच्या तिघांचे. मी मोजलं, सहा. दहांपैकी सहा. म्हणजे झालं, हे कळायलाच मला क्षण लागला. तेवढ्यात बाळारामनं सावकाश हात वर केला. "माझं नाव हाय त्याच्यावर," तो बाकीच्यांना म्हणाला. "मग हात नको?" मोरीवाल्यानंही मग हात उचलला, घाईघाईनं.

मी बाहेर येऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आठ? मग टिकेल." थोड्या वेळानं म्हणाले, "म्हात्रे, आपल्या पहिल्या, संसदीय पद्धतीत, बहुमत सरपंचबाईंकडे असतं तर हे पहिल्याच दिवशी झालं असतं. तासाभराची बंदी, सरपंचाचं नाव, सगळं हवं तसं. आणि पुढच्या निवडणुकीनंतर बाळारामनं ते पहिल्याच दिवशी रद्द केलं असतं." त्यांनी चष्मा पुसला. "मला अजूनही पहिलीच बरी वाटते. पण मी वीस वर्षं दुसरीचे गुण जरा कमी दिले."

ठराव तहसीलला गेला, वाहतूक पोलिसांकडे गेला, हुकूम निघाला. सर तेव्हा मुलाकडे पुण्याला राहायला निघाले होते. सामान बांधून झालं होतं. तरी बंदीच्या पहिल्या सकाळी ते पहिल्या रिक्षानं आले. काकीनं हार आणला होता. तो तिच्या हातातच राहिला, कारण पोरांची रांग रस्ता ओलांडायला लागली आणि सर त्या रांगेबरोबर चालायला लागले. एका बाजूला रिकामा रस्ता, दुसऱ्या बाजूला दूर काट्यापाशी उभे कंटेनर. सर पोरांबरोबर पलीकडे पोचले आणि शाळेच्या दाराशी थांबून घड्याळ बघत राहिले.

पंचवीस मिनिटं झाली. पोलिसानं हात खाली केला आणि गाड्या सुटल्या. सर पलीकडेच अडकले. आम्ही अलीकडे. एक कंटेनर जायचा, तेवढ्या फटीत सर दिसायचे, की दुसरा यायचा. मला हसू आलं. मग एका फटीत दिसलं की सर हसत नव्हते. ते पाड्याकडच्या वाटेकडे बोट दाखवत होते. तिकडून चार-पाच लहान पोरं दप्तरं सांभाळत आत्ता येत होती आणि गाड्या बघून रस्त्याकडेला थबकली होती. ती पोरं लांबून येतात. पंचवीस मिनिटं त्यांना पुरली नव्हती. ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

सर काहीतरी ओरडले. इंजिनांच्या आवाजात ऐकू आलं नाही. पुढच्या फटीत त्यांनी हाताचा पंजा उघडून दाखवला. पाच. आणखी पाच मिनिटं हवीत.

काकीनं ते बघितलं. तिनं हार माझ्या हातात दिला.

"म्हंजी परत बालारामकडं जावं लागंल," ती म्हणाली. पदर खोचला आणि कुणाची वाट न बघता बाळारामच्या घराकडे चालायला लागली.